क्रीम न घालता मऊसूत, हलकं भाज्यांचं सूप: घरातल्या वस्तूंत जमेल का?

सड्यावरची (धागाकर्ती)
मंगळवार, दुपारी २:४०

मंडळी, अडले आहे. आमच्या मामंजींच्या (वय ७८) शनिवारी दोन दाढा काढल्या. आठवडाभर चावायचं काही नाही, कढत नाही, तिखट नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दोन दिवस पेज गोडीने प्यायले, काल वाडगा बाजूला सारला. पुतण्या मुंबईहून आलाय. तो म्हणाला, आजोबांना सूप दे, हॉटेलात मिळतं तसं दाट, मलईसारखं. मामंजींचा प्रश्न: "सूप तर पाखडूक घेतत. पितत कसा?"

मोबाइलवर पाचसहा व्हिडिओ बघितले. सगळीकडे अर्धा कप क्रीम, लोण्याचा गोळा आणि सेलरी नावाची कोथिंबिरीची कुणी लांबची मावशी. आम्ही देवगड तालुक्यात सड्यावर राहतो. क्रीमसाठी जामसंड्याला जायला हवं, आणि या पावसात एका डब्यापायी कोण निघणार? शिवाय मामंजींना तुपकट पचत नाही.

घरात आहे ते असं: वाशाला काथ्याने टांगलेला उन्हाळ्यातला लाल भोपळा, एक कोवळा दुधी, कांदे-बटाटे, मूगडाळ, उकडे तांदूळ, थोडे काजूगर, राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, कोकमं. नारळ तर पायात येतायत. यात काही होईल का? पौष्टिक वगैरे असलं तर बरंच, पण आधी त्यांच्या घशाखाली उतरायला हवं.

खाजणातला
मंगळवार, दुपारी ३:०५

कित्या एवढो खटाटोप गो बाय? पेजेत भोपळो घाल, शिजव, घोट. आमची आवस ताप इलो की ह्याच करी. तेका सूप म्हणतत ह्या माका मुंबैक गेल्यावर कळला. थंय वाडग्याक दीडशे रुपये घेतले माझे.

वाफाळ
मंगळवार, दुपारी ४:३०

खाजणातला थट्टा करतोय, पण उत्तर त्याने बरोबर दिलंय. दाट सूप म्हणजे भाजी घातलेली, घोटून गाळलेली पेजच.

क्रीमने सूप दाट होतं ही समजूत चुकीची आहे. दाटपणा येतो पिष्टातून आणि भाजीच्या गरातून. मऊपणा येतो बारीक वाटण्यातून आणि गाळण्यातून, जिभेला कण सापडता कामा नये. क्रीम देतं ती फक्त स्निग्धता, ते घोट घशातून सरकवतं. आणि ती भारी पडते. डब्यातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे अर्ध्या कपात सुमारे ३० ग्रॅम. तुमच्या मामंजींना तेच तर नकोय.

मी असं करतो. पाव किलो लाल भोपळा, एक मध्यम कांदा, दोन चमचे मूगडाळ, एक मोठा चमचा तांदूळ. उकडा तांदूळ घेतलात तर त्याला वेळ जास्त द्या, तो सहजासहजी विरत नाही. सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या कण्या असतील तर उत्तम, त्या पटकन पेजाळतात. मूगडाळीने अंगही येतं आणि नुसत्या भाजीच्या पाण्यापेक्षा पोटाला आधारही मिळतो. दोन दिवस पेजेवर असलेल्या माणसाला तो हवाच.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. कांदा तांबूस करायचा नाही. चमचाभर तुपात बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घाला, झाकण ठेवा, अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्याच पाण्यात शिजतो, काचेसारखा होतो, गोड होतो. ही दहा मिनिटं वाचवलीत की सूप पाणचट लागतं, आणि मग माणूस क्रीमच्या डब्याकडे वळतो. मग भोपळा, डाळ, कण्या, तीन वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या. निवलं की वाटून गाळा. नारळाचा रस घालायचा तर सगळ्यात शेवटी.

काजूबी
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

वेंगुर्ल्याहून लिहितेय, तेव्हा काजूची बाजू मी मांडणार हे उघड आहे. दहा काजूगर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि थोड्याच पाण्यात गंधासारखे वाटा. क्रीमची आठवणही येणार नाही. दुकानात "३२०" लिहिलेले काजू मिळतात ना, त्याचा अर्थ एका पौंडात ३२० गर बसतात. म्हणजे एक गर साधारण १.४ ग्रॅमचा, दहांचे १४ ग्रॅम, आणि त्यात तेल सहा ग्रॅमच्या आसपास. वरच्या तीस ग्रॅमशी ताडून बघा. आणि सुपासाठी अख्खे पांढरे गर वापरू नका, तुकडा स्वस्त पडतो, वाटायचाच आहे.

वाटण आधी घालून खळाखळा उकळू नका. काजूतही पिष्ट असतं, तळाशी धरतं आणि करपलं की सगळ्या पातेल्याला वास.

लिंबूटिंबू
मंगळवार, रात्री ८:०२

एवढं कशाला? बटाटा उकडा, भोपळ्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवा, नारळाचं दूध घाला, उकळी आणा, चवीला दोन कोकमं. दहा मिनिटांत तयार.

सड्यावरची
बुधवार, दुपारी १:१५

लिंबूटिंबू, तुमचं सोपं वाटलं म्हणून तेच केलं आज. आता जे झालं ते ऐका.

भोपळा आणि दोन बटाटे कुकरमधून काढले ते तसेच वाफाळते मिक्सरच्या भांड्यात घातले, काठोकाठ. बटण दाबलं आणि झाकण छपराला. भोपळा कौलांना, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि सासूबाईंच्या इस्त्रीच्या पातळावर. माझ्या मनगटावर दोन फोड आलेत. सासूबाई पहिली पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

राहिलेलं पुन्हा फिरवलं तर डिंकासारखी तार येऊ लागली. त्यात नारळाचं दूध घालून उकळलं. वर तेलाचे डोळे, खाली चोथ्यासारखे पांढरे कण. मग कोकमं. त्यानंतर जे दिसत होतं त्याचं वर्णन करत नाही. मामंजींनी वाडग्यात डोकावून बघितलं आणि कुशीवर वळले.

वाफाळ
बुधवार, दुपारी २:००

आधी मनगटावर गार पाणी धरलंत का? फोड फोडू नका.

झाकण उडालं वाफेने. बंद भांड्यात गरम पातळ पदार्थ फिरला की एकदम वाफ सुटते आणि तिला जायला जागा नसते. गरम काही वाटायचंच असेल तर भांडं एक तृतीयांश भरा, झाकणातली मधली टोपी काढा, वर जाड फडकं दाबा आणि कमी वेगावर सुरू करा. खरं तर निवू द्यावं. मामंजींना कोमटच द्यायचंय ना, मग घाई कुणाची आहे?

तार आली ती बटाट्याची. उकडलेल्या बटाट्याच्या पेशींत फुगलेलं पिष्ट भरलेलं असतं. मिक्सरचं पातं त्या पेशी फाडतं, पिष्ट बाहेर येतं आणि लुगदी होते. बटाटा हातानं कुस्करावा नाहीतर चाळणीवर घासावा. भोपळ्याला मिक्सर चालतो, बटाट्याला नाही.

आणि नारळाचा रस फाटणारच होता. त्यात तेलाचे थेंब प्रथिनांच्या पातळ वेष्टनामुळे एकमेकांपासून वेगळे राहतात. उकळी फुटली की प्रथिनं गोळा होतात, थेंब एकत्र येतात आणि तेल वर तरंगतं. वर आंबट घातलंत म्हणजे राहिलीसाहिली प्रथिनंही गोठली. सोलकढी आपण चुलीवर ठेवत नाही ते उगाच का? फोडणी घालायची तर ती गार करून घालतात, पण कढी उकळत नाही.

लिंबूटिंबू
बुधवार, दुपारी २:२०

अरेरे. ताई, माफ करा. मी स्वतः डब्यातलं नारळाचं दूध वापरतो, ते एवढ्या सहजी फाटत नाही, म्हणून लक्षात आलं नाही. आणि मिक्सरचं... माझा हाताचा ब्लेंडर आहे, पातेल्यातच फिरवतो. सांगायला हवं होतं.

माडाखाली
बुधवार, दुपारी ३:४५

डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून काही ना काही घातलेलं असतं बहुतेक वेळा. ताज्या रसाची तऱ्हा वेगळी.

आमच्या घरी रस दोनदा काढतात. नारळ खवून अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटायचा आणि पंच्यात पिळायचा, हा जाड रस. तो बाजूला. चोथ्यात परत वाटीभर पाणी घालून वाटून पिळायचं, हा पातळ रस. भाजी शिजवायची ती पातळ रसात. तो थोडा फुटला तरी पुढे वाटण्या-गाळण्यात मिळून जातो. जाड रस उतरवताना. कडेला बारीक बुडबुडे धरले की आच बंद, मग रस, मग दोनदा ढवळून झाकण. तांदळाची चमचाभर पिठी गार पाण्यात कालवून आधी सुपात शिजवली असेल तर रस अजून घट्ट धरून राहतो.

पण एक सांगते. जाड रसही स्निग्धच आहे. "हलकं" हवं असेल तर चार वाडग्यांना पाव वाटीच्या वर जाऊ नका. आणि काजू आणि नारळ दोन्ही एकत्र नको, मग क्रीम काय वाईट होतं?

खवताना करवंटीपर्यंत जाऊ नका. तो तपकिरी भाग आला की रस मळकट दिसतो.

घाटमाथा
बुधवार, संध्याकाळी ५:३०

आपल्याकडे कढी आहे, कट आहे, सार आहे, कुळथाचं कळण आहे. हे सूप आपलं नाहीच. परक्या पदार्थाच्या मागे लागून मिक्सर उडवून घेण्यापेक्षा सार करा की.

काजूबी
बुधवार, संध्याकाळी ५:५०

घाटमाथा, लाल भोपळा अमेरिकेतून आला, बटाटाही तिकडचाच. मिरची तिकडचीच, जिच्याशिवाय तुमचा कट होणार नाही. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि आज वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमं कोकणभर लागली आहेत. परकं शोधायला बसलात तर ताटात भात, नारळ आणि कोकम उरेल. त्यातही मामंजींचं भागेल म्हणा, पण दाढांमुळे.

साराचा मुद्दा मात्र मान्य. टोमॅटोचं सार नारळाच्या रसातलं असेल तर ते सूपच आहे, फक्त आंबट. काढलेल्या दाढेच्या जखमेला आंबट झोंबेल, म्हणून आत्ता नको.

कापूसबोळा
बुधवार, रात्री ९:१०

दातांच्या दवाखान्यात काम करते म्हणून दोनच गोष्टी. सूप स्ट्रॉने देऊ नका. ओढताना जो जोर लागतो त्याने जखमेतली रक्ताची गुठळी सुटू शकते आणि मग दुखणं वाढतं. वाडग्याने किंवा चमच्याने द्या, आणि कोमट, हाताला गरम लागणार नाही इतकं. जिऱ्याची फोडणी घालणार असाल तर जिरं गाळून घ्या, दाणे जखमेत जाऊन बसतात.

दुसरं दुधीबद्दल. चिरल्यावर एक तुकडा कच्चा चाखा. कडू असेल तर अख्खा दुधी टाकून द्या. उकळून कडवटपणातलं विष जात नाही, आणि कडू दुधी खाऊन माणसं दवाखान्यात दाखल झालेली आहेत. वाया गेला म्हणून जीव हळहळतो, पण टाकाच.

माडाखाली
बुधवार, रात्री ९:४०

आठळ्यांचं कुणी बोललंच नाही. उकडून वरचं पांढरं टरफल काढायचं, आतली तपकिरी साल राहिली तर राहू दे, थोडा रंग येतो इतकंच. चारपाच आठळ्या भोपळ्याबरोबर शिजवल्या की एकदम खमंग दाटपणा येतो, बटाट्यासारखी तार येत नाही. जास्त घालू नका, वात होतो. म्हाताऱ्या माणसाला तर दोनच.

शेजारी कुणाकडे नीरफणस असेल तर तोही बघा. त्याचे काप तव्यावर भाजतो ना आपण, तोच सोलून उकडला की बटाट्याहून मऊ लागतो. तोही परकाच हो घाटमाथा, पॅसिफिकच्या बेटांवरचा.

खाजणातला
बुधवार, रात्री १०:०५

तिरफळ घाला दोन. तोंड बधिर होता, दाढ दुखूचीच नाय.

कापूसबोळा
बुधवार, रात्री १०:०७

नको!! त्याची बी आणि देठ कुठे अडकली तर मला फोन कराल.

सड्यावरची
गुरुवार, रात्री ८:५०

आज परत केलं. सविस्तर लिहिते, कारण मध्येच वेगळंच घडलं.

सकाळी भोपळा फोडला. आत दोन बोटं गर, केशरी, बियांना अजून ओल. पाव किलो घेतला, साल जाड होती ती विळीवर काढताना घाम आला. दुधीचा तुकडा चाखला, गोड निघाला, तो अर्धा घातला. कांदा वाफाळ यांनी सांगितला तसाच, झाकण ठेवून. मला सवय फोडणीत कांदा परतत राहायची, हात सारखा झाऱ्याकडे जात होता. बारा मिनिटांनी झाकण काढलं तर कांदा पारदर्शक झालेला आणि वास मिठाईच्या दुकानातला. हे मला या वयात कळतंय याची लाज वाटली.

दोन चमचे मूगडाळ, मुठीभर सुरय कण्या (एक चमचा सांगितला होता, हात सुटला), दोन आठळ्या, नारळाचा पातळ रस. चार शिट्ट्या. निवायला ठेवलं, मिक्सर पुसून जागेवर ठेवला, आणि लाईट गेली. वाऱ्याने कुठेतरी फांदी पडली असणार. दोन वाजले, तीन वाजले.

सासूबाई उठल्या, फळीवरचं पुरणयंत्र काढलं, बारीक जाळी बसवली आणि म्हणाल्या, "आमचां ह्या उडाक जाणा नाय." त्यांनी फिरवलं, मी डावाने घालत गेले. भोपळ्याचा आणि दुधीचा गर सुतासारखा खाली येत होता, आठळीची साल आणि दुधीचे दोरे वर जाळीत राहत होते. मग परत एकदा पिठाच्या चाळणीतून, पळीच्या पाठीने घासून. शेवटी पातेल्यात रवीने घुसळलं. अर्धा तास लागला दोघींना. पण बोटांवर घेऊन चोळून बघितलं, एक कण नाही.

कण्या जास्त झाल्याने खळीसारखं घट्ट झालं होतं. दीड वाटी गरम पाणी घातलं तेव्हा पळीवरून नीट ओघळायला लागलं. चुलीवर ठेवलं, कडेला बुडबुडे धरल्यावर उतरवलं आणि पाव वाटी जाड रस घातला. फाटला नाही! केशरी रंग एकदम हळदीच्या पानासारखा... नाही, हळदीच्या पानाला रंग कुठला. पिकल्या बिटक्या आंब्याच्या रसासारखा म्हणा. मीठ, चिमूटभर मिरपूड. काजू घातले नाहीत, माडाखाली यांचं ऐकलं.

वाफाळ
गुरुवार, रात्री ९:१५

पुरणयंत्र! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मिक्सर सगळंच बारीक करतो, साल-दोरे सुद्धा. जाळी ते बाजूला काढते, म्हणून तुमचं मऊ झालं. आता मलाही माळा शोधायला लागणार.

उरलं असेल तर रात्रीतून परत खळ होईल, पिष्ट गार झालं की आळतं. उद्या गरम करताना थोडं पाणी घाला आणि मंद आचेवर, रस आत आहे हे विसरू नका. आणि आजच फ्रिजमध्ये ठेवा, नारळाचा रस पावसाळी दमट हवेत लवकर आंबतो.

काजूबी
गुरुवार, रात्री ९:२०

लाईट नाही तर फ्रिज कुठला, वाफाळ?

आणि मुख्य बातमी राहिलीच. मामंजी काय म्हणाले?

सड्यावरची
गुरुवार, रात्री ९:४५

लाईट सातला आली. ठेवायला काही उरलं नाही पण. पुतण्याने दोन वाडगे घेतले आणि सासूबाईंनी पातेलं बोटाने निपटलं, पातळाचा विषय मिटला असं धरते.

मामंजींनी पहिला चमचा घेतला, थांबले. दुसरा घेतला. मग चमचा ठेवून वाडगाच तोंडाला लावला. संपवून तोंड पुसत म्हणाले, "पेज बरी झाली हा आज. पण पेजेवांगडा खारो बांगडो खंय असा?"

शनिवारी टाके निघतात. तोवर बांगड्याचा डबा मी माळ्यावर चढवून ठेवलाय.